तणाच्या नावाचा माग कसा काढावा

गाजर गवत हे गवत नव्हे आणि गाजराचे नातलगही नव्हे. ते सूर्यफुलाच्या कुळातले रोप आहे; त्याची चिरत गेलेली पाने गाजराच्या पाल्यासारखी दिसतात, एवढ्याच साम्यावर ते नाव बेतलेले आहे. त्याच रोपाला कोणी काँग्रेस गवत म्हणते, कोणी चटकचांदणी. एकाच तणाची ही तीन नावे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात: पहिले पानाविषयी बोलते, दुसरे इतिहासाविषयी आणि तिसरे फुलाविषयी. गावात कोणालाही विचारले तर या नावांची एखादी कथा लगेच ऐकायला मिळते, आणि ती बहुधा इतकी नेटकी असते की पुढे शोध घेण्याची इच्छाच उरत नाही. तणाच्या नावाचा माग काढायचा असेल तर पहिल्या कथेपाशी न थांबण्याची सवय लावून घ्यावी लागते. पुढील मार्गदर्शन त्या सवयीसाठी आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकापेक्षा शाळेतला शिक्षक, विद्यार्थी आणि आजीकडून ऐकलेली नावे जपू पाहणारा शेतकरी यांना डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे.

हे काम आताच करण्याला कारण आहे. खुरपे घेऊन पिकात बसणाऱ्या बाईला प्रत्येक तण वेगळे ओळखावे लागे: कोणते हाताने ओढले की मुळासकट येते, कोणते खोलवर खणल्याशिवाय मरत नाही, कोणते संध्याकाळच्या भाजीसाठी ओच्यात घ्यायचे. तणनाशकाच्या डब्यावर मात्र तणांचे दोनच गट असतात, रुंद पानांची तणे आणि अरुंद पानांची तणे. फवारणाऱ्याला नावाची गरज पडत नाही, आणि गरज संपली की नाव एका पिढीत विसरले जाते. तण काढण्याच्या कामाला पश्चिम महाराष्ट्रात भांगलण म्हणतात, विदर्भ-खानदेशाकडे निंदण म्हणतात, कोकणात बेणणी म्हणतात आणि खुरपणी हा शब्द बहुतेक सगळीकडे चालतो. विचारणाऱ्याने बोलण्याची सुरुवात त्या गावच्या शब्दाने केली तर समोरचा माणूसही पुस्तकी नाव न सांगता आपल्या घरातले नाव सांगतो.

आधी रोप, मग नाव

पहिला नियम असा की नाव ऐकून रोप ठरवू नये. रोप हातात घेऊन नाव विचारावे. याचे कारण एका उदाहरणाने पटेल. मोडल्यावर पांढरा चीक येणाऱ्या कितीतरी लहान तणांना दुधी म्हणतात, आणि भाजीवाल्याकडे दुधी मागितला तर भोपळा मिळतो. तरोटा आणि तरवड ही नावे कानाला इतकी जवळची आहेत की लिहिताना त्यांची सर्रास अदलाबदल होते. पण विदर्भातला तरोटा म्हणजे कोकणातला टाकळा, पहिल्या पावसानंतर ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतात तो, आणि तरवड म्हणजे माळावरचे पिवळ्या फुलांचे झुडूप, ज्याची साल कातडे कमावण्यासाठी वापरत आले आहेत. या दोहोंची सरमिसळ झालेल्या टिपणावर पुढे कितीही विद्वत्ता खर्च केली तरी ती वाया जाते.

म्हणून फूल आणि शक्य असल्यास फळ असलेली फांदी घ्यावी, लहान रोप असेल तर मुळासकट घ्यावे, जुन्या वर्तमानपत्रात पसरून वर जड वस्तू ठेवावी आणि वाळेपर्यंत कागद रोज बदलावा. कागदाच्या कोपऱ्यावर गाव, तारीख आणि जागा लिहावी. जागा म्हणजे बांध, उकिरडा, भाताचे खाचर, पडीक रान, रस्त्याची कड असे नेमके. या शेवटच्या तपशिलाचा उपयोग पुढे अनपेक्षितपणे होतो, कारण काही नावे जागेवरूनच पडलेली असतात. गाजर गवत मात्र उघड्या हाताने धरू नये. त्याच्या संपर्काने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते व पुरळ येतो, आणि एकदा तो त्रास सुरू झाला की पुढे थोड्या संपर्कानेही बळावतो.

रोप हातात आल्यावर दोन प्रश्न विचारावेत आणि ते वेगवेगळे विचारावेत. पहिला, याला तुम्ही काय म्हणता? दुसरा, हे नाव का पडले असेल? दोन्ही प्रश्न एकत्र विचारले तर सांगणारा माणूस ज्याचे स्पष्टीकरण ठाऊक आहे तेच नाव निवडतो, आणि ज्याचे कारण कोणालाच आठवत नाही असे जुने नाव, जे आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे असते, ते मागे राहते. आपण स्वतः नाव सुचवू नये. उच्चार जसा ऐकला तसाच लिहावा. हरळी आणि हराळी ही दोन्ही रूपे ऐकली असतील तर दोन्ही लिहावीत, त्यांतले कोणते शुद्ध याचा निवाडा त्या क्षणी करू नये.

नाव कोणत्या प्रसंगी घेतले जाते हेही विचारावे. गणपतीला वाहण्यासाठी जी बाई दूर्वा खुडते, तीच बाई दुसऱ्या दिवशी शेतात त्याच गवताला हरळी म्हणून शिव्या देते, कारण हरळीची मुळी जमिनीत तुकडा राहिला तरी पुन्हा फुटते. यात विसंगती काहीच नाही. पूजेतले नाव आणि बांधावरचे नाव यांचे आयुष्य वेगळे असते. पूजेतले नाव संस्कृताच्या आधाराने जसेच्या तसे टिकून राहते आणि बांधावरचे नाव तोंडातोंडी झिजत जाते. हरळी या शब्दात हरित शब्दाचा हिरवा रंग अजून दिसतो, पण तो दिसण्यासाठी झीज भरून काढावी लागते. ती कशी भरून काढायची हे पुढे येईल.

नाव रोपाच्या अंगावर वाचावे

नाव मिळाल्यावर कोश उघडण्याची घाई करू नये. आधी रोपाकडे पाहावे, ते चुरगाळून त्याचा वास घ्यावा आणि त्यावरून बोट फिरवावे, कारण बहुतेक नावांचा अर्थ रोपाच्या अंगावरच लिहिलेला असतो. घाणेरीचे पान चोळले की नावाचा खुलासा नाकालाच होतो. एकदांडीचे प्रत्येक फूल लांब, उभ्या, एकट्या दांड्यावर येते. रानमोडी जिथे माजते तिथले मूळचे रान मोडून टाकते. ओसाडी पडीक जागी उगवते, आणि इथे आपण कागदाच्या कोपऱ्यावर लिहून ठेवलेली जागा कामाला येते.

या बाबतीत मला सर्वांत शिकवून गेलेले तण म्हणजे आघाडा. श्रावणात जिवतीच्या पूजेसाठी दूर्वा-आघाड्याच्या जुड्या बाजारात येतात, ऋषिपंचमीला त्याच्या काडीने दात घासण्याची प्रथा आहे, आणि एरवी तो कुंपणाच्या कडेला कोणाच्या लक्षात न येता वाढतो. त्याचा उंच तुरा हातात घेऊन बोट वरून खाली फिरवावे आणि मग खालून वर फिरवावे. वरून खाली फिरवताना बोट सहज सरकते. खालून वर नेताना मात्र फळांची टोके बोचतात, कारण आघाड्याची फळे देठाकडे उलटी वळलेली असतात. याच टोकांनी ती कपड्यांना आणि गुरांच्या अंगाला चिकटून गावभर फिरतात. आता संस्कृतातली त्याची नावे पाहावीत. एक नाव खरमंजरी, म्हणजे खरखरीत तुऱ्याची. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात त्याला प्रतीचीनफल म्हटले आहे, म्हणजे उलट्या फळांचा. ज्या कोणी हे विशेषण योजले त्याने आपल्यासारखेच तुऱ्यावरून बोट फिरवले असणार, असे वाटून मला प्रत्येक वेळी आनंद होतो.

त्याचे सर्वांत प्रसिद्ध नाव अपामार्ग. याचा मार्ग या शब्दाशी, म्हणजे वाटेशी, संबंध जोडण्याचा मोह होतो. पण त्याच कांडातील सतराव्या सूक्तात ‘अपामार्ग त्वया वयं सर्वं तदप मृज्महे’ असे म्हटले आहे, म्हणजे ‘अपामार्गा, तुझ्या योगे आम्ही ते सगळे पुसून टाकतो’. भूक, तहान, गाईगुरांचा अभाव, निपुत्रिकता ही पुसून टाकायची संकटे आहेत. अप आणि मृज्, पुसून दूर करणे, हाच या नावाचा धातू. नावाची व्युत्पत्ती त्या नावाइतक्याच जुन्या वाक्यात सापडावी असे भाग्य फार थोड्या तणांच्या वाट्याला आले आहे. इतर वेळी ती आपल्यालाच शोधावी लागते.

ध्वनींचा हिशेब

संस्कृत शब्द मराठीत येताना मनमानीने बदलत नाही. ज्या वाटेने एक शब्द बदलला त्याच वाटेने दुसरे अनेक शब्द बदललेले असतात. म्हणून एखादी व्युत्पत्ती सुचली की तिच्या जोडीला तसाच बदल झालेले किमान दोन शब्द शोधावेत. ते सापडले नाहीत तर व्युत्पत्ती कितीही गोड वाटली तरी बाजूला ठेवावी.

तण याच शब्दापासून सुरुवात करू. मूळ तृण; महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत, त्याचे तण झाले आणि तेच मराठीने जपले. इथे ऋ या स्वराचा अ झाला आहे. असेच आणखी कुठे झाले का? मृत्तिकेची माती झाली, पृष्ठाची पाठ झाली. जोडाक्षर सुटताना आधीचा अ लांबून आ झाला, एवढाच फरक. हिंदीत याच ठिकाणी बहुधा इ येतो: मिट्टी, पीठ आणि तृणापासून तिनका. तेव्हा तण हा शब्द आपल्याकडे उत्तरेकडून आलेला नसून मराठीच्या स्वतःच्या वाटेने आलेला आहे, हे एका स्वरावरून सांगता येते.

मोथा किंवा नागरमोथा याचे मूळ मुस्ता. स्त चा थ आणि त्याआधीच्या उ चा ओ, हे दोन्ही बदल एकाच वेळी झालेला दुसरा शब्द आपल्या घरातच आहे: पुस्तिकेची पोथी. मस्तकाचा माथा हा तिसरा साक्षीदार. आघाडा हे नाव संस्कृत कोशांतल्या आघाट या नावाकडे जाते. दोन स्वरांमधल्या ट चा ड होणे हे घोटकाचा घोडा, वटाचा वड आणि कटुकाचे कडू यांतून दिसते. गुजरातीत याच रोपाला अघेडो म्हणतात. शेजारच्या भाषेत मिळतेजुळते रूप सापडणे हा आणखी एक आधार असतो, कारण मग नाव एका गावच्या कल्पनेतून निघालेले नाही याची खात्री पटते. उलट, आघाडा आणि आघाडी यांच्यातले साम्य फसवे आहे. आघाडी म्हणजे पुढची बाजू, आणि तिचे मूळ अग्र या शब्दाकडे शोधतात. रोप रस्त्याच्या पुढच्या कडेला उगवते म्हणून आघाडा, असे कोणी सांगितल्यास ते ऐकून, लिहून घेऊन, नंतर निश्चयाने वगळावे.

कधी कधी नियम दोन निघतात आणि तिथे खरी गंमत असते. गोखरूचे मूळ गोक्षुर. क्ष चा ख झाल्याचे काख या शब्दातही दिसते, कारण तिचे मूळ कक्ष. पण क्षेत्राचे शेत, मक्षिकेची माशी आणि क्षुरिकेची सुरी झाली, तिथे क्ष चा श किंवा स झाला. म्हणजे एकाच क्षुर शब्दातून एकीकडे ख आला आणि दुसरीकडे स. आपला शेतकरी पायात मोडणाऱ्या त्या काट्याला सहसा सराटा म्हणतो. गोखरू हे नाव त्याच्यापेक्षा औषधे विकणाऱ्याच्या तोंडी अधिक असते. त्यामुळे हे नाव औषधांच्या व्यापारातून उत्तरेच्या भाषांकडून आपल्याकडे रुजले असावे, असे माझे मत आहे. असे मत टिपणात लिहिताना ते मत म्हणूनच लिहावे.

कोशांचा उपयोग या टप्प्यावर करावा, आधी नाही. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये; नाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रूढ होते का, हे पाहायला त्यासारखे साधन नाही. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश मूळ रूपे सुचवतो, आणि टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश शेजारच्या भाषांतली रूपे एकत्र दाखवतो. वनस्पतीच्या बाजूने थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा ग्रंथ, १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला, स्थानिक नावांसह पाहावा. गोवा व दक्षिण कोकणाकडची नावे शोधणाऱ्याने सतराव्या शतकातील हॉर्टस मलबारिकस विसरू नये. केरळातील वनस्पतींच्या या ग्रंथासाठी रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या कोंकणी वैद्यांनी साहाय्य केले होते, आणि त्यातील चित्रांवर नावे नागरी लिपीतही कोरलेली आहेत. या साधनांत नाव न सापडणे हीसुद्धा माहितीच असते आणि ती टिपून ठेवावी.

रोप केव्हा आले हे विचारावे

हौशी शोधकाच्या हातून होणारी सर्वांत मोठी चूक इथे होते. नाव संस्कृत वाटले की ते प्राचीन मानले जाते, आणि नाव प्राचीन मानले की रोपही प्राचीन मानले जाते. अमेरिका खंडातून आलेले कोणतेही रोप १४९२ च्या आधी आपल्याकडे असण्याचा संभव नाही, आणि आपल्या शेतांतली पुष्कळ तणे तिकडचीच आहेत: एकदांडी, घाणेरी, रानमोडी, ओसाडी, पिवळा धोत्रा, जलपर्णी, गाजर गवत.

पिवळ्या धोत्र्याचे उदाहरण घ्यावे. त्याच्या देठातून पिवळा चीक येतो, म्हणून त्याला स्वर्णक्षीरी म्हणतात आणि तेच नाव जुन्या आयुर्वेदीय ग्रंथांत दाखवतात. नाव तेथे आहे हे खरे. पण पिवळा धोत्रा मेक्सिकोकडचा असल्यामुळे त्या ग्रंथांतली स्वर्णक्षीरी हे दुसरेच रोप असले पाहिजे. नवे रोप आले, त्याचा चीक सोनेरी दिसला आणि जुने नाव त्याला चिकटले. त्याचे मराठी नाव जास्त प्रामाणिक आहे, कारण ते फक्त एवढेच सांगते की फळ आणि काटे पाहून लोकांना आपल्या धोत्र्याची आठवण झाली आणि फूल पिवळे निघाले.

जलपर्णीचे नाव तर घडवलेलेच आहे. दक्षिण अमेरिकेतले हे पाणतण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमार्गे भारतात शिरले. जल आणि पर्ण हे दोन्ही शब्द जुने असले तरी या रोपाला लावलेले नाव अर्वाचीन आहे. याच्या उलट विलायती हे विशेषण लागलेले नाव आपले परकेपण स्वतःच कबूल करते, जसे विलायती बाभूळ.

शास्त्रीय नावालाही पूर्वज असतात

रोपाची ओळख पटली की त्याचे शास्त्रीय नाव मिळते, आणि त्या नावाचाही अर्थ काढून मराठी नावाशेजारी ठेवावा. कधी दोन दूरच्या माणसांनी एकच गोष्ट पाहिलेली आढळते. आघाड्याचे अकिरँथस अस्पेरा हे नाव ग्रीक भाषेतील भुसा आणि फूल या अर्थांच्या शब्दांचे बनले आहे, आणि अस्पेरा म्हणजे लॅटिनमध्ये खरखरीत. खरमंजरीपासून ते फार लांब नाही. हरळीच्या सायनोडॉन या नावाचा अर्थ कुत्र्याचा दात. धोत्र्याच्या बाबतीत उलटा प्रवास झाला आहे: डट्युरा हे शास्त्रीय नाव आपल्याच धत्तूर, धतुरा या शब्दांवरून घेतलेले आहे, तेव्हा धोत्रा शब्दाचा उगम लॅटिनमध्ये शोधणे म्हणजे घरातून गेलेली वस्तू परक्याची समजून परत घेणे. पिवळ्या धोत्र्याच्या अर्जेमोन या नावामागे डोळ्यातील फुलाला ग्रीक भाषेत असलेला शब्द आहे. जलपर्णीला १८४३ मध्ये दिलेले आयकॉर्निया हे नाव प्रशियाच्या आयकहॉर्न नावाच्या मंत्र्याच्या गौरवार्थ होते आणि रोपाविषयी ते काहीच सांगत नाही.

गाजर गवताचा संपूर्ण माग

आता सुरुवातीच्या तणाकडे परत येऊ आणि वरच्या सगळ्या पायऱ्या त्याच्यावर चालवून पाहू.

शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस, स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ मध्ये दिलेले. पार्थेनोस म्हणजे ग्रीक भाषेत कुमारिका, आणि हिस्टेरोफोरस म्हणजे गर्भाशय धारण करणारे. प्लिनी या रोमन लेखकाने पार्थेनियम नावाच्या औषधी वनस्पतीची कथा दिली आहे: अथेन्सला मंदिराचे काम चालू असताना तिथला नेता पेरिक्लीस याच्या मर्जीतला एक दास उंचावरून पडला, आणि कुमारी देवता अथीना हिने पेरिक्लीसला स्वप्नात ही वनस्पती दाखवून त्याचा जीव वाचवला. कथा सुंदर आहे, पण ती युरोपातल्या दुसऱ्याच वनस्पतीची आहे. गाजर गवताचे मूळ स्थान मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा प्रदेश. प्लिनीने ते पाहिले असणे शक्य नाही. स्वर्णक्षीरीच्या बाबतीत आपल्याकडे जे झाले तेच तिकडे झाले, जुने नाव नव्या रोपावर बसले.

मराठी नावांकडे वळताना आधी वय ठरवावे. मोल्सवर्थमध्ये या रोपाची अपेक्षाच नाही आणि कुक यांच्या ग्रंथातही ते नाही. पुण्यात उकिरड्यांवर तुरळक रोपे दिसल्याची नोंद १९५१ ची आहे, आणि आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ मध्ये भारतासाठी नवी नोंद म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे गाजर गवत, काँग्रेस गवत आणि चटकचांदणी ही तिन्ही नावे या रोपाला फार तर सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी लागली. जिवंत आठवणीच्या आत जन्मलेली नावे अभ्यासायला मिळणे ही दुर्मीळ संधी आहे, आणि ती आठवण असलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत.

काँग्रेस गवत या नावाची तीन स्पष्टीकरणे ऐकू येतात. काँग्रेसच्या राजवटीत अमेरिकेतून पीएल-४८० या अन्नसाहाय्य योजनेखाली आलेल्या गव्हासोबत बी आले, हे पहिले. पांढऱ्या फुलांनी भरलेले रान पांढऱ्या टोप्यांच्या सभेसारखे दिसते, हे दुसरे. आणि पक्ष जसा गावोगावी होता तसे हे तणही झाले, हे तिसरे. पहिल्याची तपासणी तारखांनी करता येते. पीएल-४८० हा अमेरिकेचा कायदा १९५४ चा, आणि त्याखाली भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. पुण्यात रोप त्याआधीच दिसले होते, तेव्हा त्या विशिष्ट योजनेच्या गव्हाने ते आणले हे विधान टिकत नाही. मात्र अमेरिकेतून धान्य १९५१ च्या अन्नसाहाय्यातही आले होते. म्हणून धान्यासोबत बी आले असण्याची शक्यता एवढ्याने संपत नाही, फक्त योजनेचे नाव चुकते. आणखी एक बारकावा ध्यानात घ्यावा. पुष्कळ वयस्कर माणसे हे तण बहात्तरच्या दुष्काळात, मिलो या आयात केलेल्या लाल ज्वारीच्या दिवसांत आले असे सांगतात. ती खोटे बोलत नाहीत. ते त्यांच्या बांधावर केव्हा दिसू लागले हे सांगतात. तण येण्याचा काळ आणि तण पसरण्याचा काळ वेगळे असतात, आणि नाव बहुधा दुसऱ्या काळात पडते, कारण चार रोपांना नाव देण्याची कोणाला गरज वाटत नाही.

दुसरे स्पष्टीकरण डोळ्यांनी तपासता येते, तिसरे कशानेच तपासता येत नाही. कन्नडमध्येही या तणाला काँग्रेस गिड म्हणतात, त्यामुळे नाव एका भाषेच्या हद्दीत राहिलेले नाही, हे टिपणात अवश्य यावे. माझा कल टोप्यांच्या स्पष्टीकरणाकडे आहे, कारण तणांची नावे बहुतांशी दिसण्यावरून पडतात आणि ज्या माणसांनी हे नाव रूढ केले त्यांच्या डोळ्यांसमोर योजनेच्या फायली नव्हत्या, टोप्या होत्या.

चटकचांदणीचा अर्थ लावण्यासाठी भिंग घ्यावे. फुलाचे इवलेसे पांढरे डोके पाहिले तर त्याच्या कडेला पाच लहान किरणफुले दिसतात आणि त्यामुळे डोक्याला पाच कोन येतात. चांदणी म्हणण्यास याहून जास्त कारण लागत नाही. प्रश्न चटकचा आहे. काही जण त्याचा संबंध चटक्याशी, म्हणजे त्वचेच्या आगीशी, जोडतात. पण चटकचांदणी हा शब्द मराठीत नटव्या, ठसकेबाज बाईसाठी आधीपासून आहे, आणि तेलुगूत याच तणाला वय्यारिभामा म्हणतात, म्हणजे नखरेल सुंदरी. दोन शेजारी भाषांनी एकाच रोपाला एकाच तऱ्हेची बाई म्हणावे, हा पुरावा मला चटक्यापेक्षा भारी वाटतो. दिसायला नाजूक आणि अंगाला लावून घ्यायला वाईट, असा दोन्ही भाषांतल्या बोलणाऱ्यांचा अनुभव एकच होता.

टिपण कसे लिहावे

एका रोपासाठी एक पान ठेवावे. वर वाळवलेल्या नमुन्याचा क्रमांक, त्याखाली ऐकलेली नावे ऐकल्या क्रमाने, प्रत्येक नावापुढे गाव, तारीख, सांगणाऱ्याचे साधारण वय आणि तो शेती करतो, जनावरे राखतो की औषधे देतो ही माहिती. व्यक्तीचे नाव तिच्या संमतीशिवाय लिहू नये. त्यानंतर लोकांनी सांगितलेली स्पष्टीकरणे त्यांच्याच शब्दांत लिहावीत, आपल्याला चुकीची वाटलेलीसुद्धा, कारण चुकीचे स्पष्टीकरणही लोक त्या रोपाकडे कसे पाहतात हे दाखवते. आपला निष्कर्ष वेगळ्या शाईने किंवा वेगळ्या परिच्छेदात लिहावा आणि तो कशावर आधारलेला आहे, म्हणजे रोपाच्या रूपावर, ध्वनिबदलावर, शेजारच्या भाषेवर की तारखेवर, ते एका वाक्यात सांगावे. दोन अर्थ तुल्यबळ राहिले तर दोन्ही ठेवावेत.

मग पान मिटून ठेवावे, आणि पुढच्या पावसाळ्यात तेच तण फुलावर आले की त्याच माणसांकडे ते घेऊन पुन्हा जावे. गेल्या वर्षीची उत्तरे वाचून दाखवू नयेत. तेच दोन प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत, आणि या वेळी आजीसोबत नातही बसली असेल तर तिला आधी विचारावे.